करमाडची बेसबॉल टीम मी कशी बुडवली

बॅटी घ्यायला मी शहरात गेलो, तेव्हा खेळाच्या सामानाच्या दुकानदारानं आधी रस्त्यावर डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "झगडा किधर है?"

मी छाती काढून सांगितलं, की करमाडला बेसबॉलची टीम काढतोय. तो हसून लोळायचाच बाकी राहिला. "बॅटां बहुत जातीं भाई. बॉल पूछनेवाले तुम पैलेच." बॉल त्याच्याकडं नव्हतेच.

कॉलेजात दोन वर्षं मी बेसबॉल खेळलो होतो, म्हणजे टीमच्या बाकावर बसलो होतो. तेवढ्या भांडवलावर मी कॅप्टन, कोच आणि बॅटवाल्याच्या मागं बसून बॉल पकडणारा, असं सगळं झालो. पहिल्या सरावाचा पहिलाच बॉल मी नाकानं पकडला. नाक तेव्हापासून जालन्याच्या दिशेला आहे.

टीममध्ये खेळता येणारा माणूस एकच होता, आमचा बॉल टाकणारा. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, स्वतः शेंद्र्याच्या कंपनीत ठेक्यावर. लहानपणापासून वाट सोडणाऱ्या मेंढराच्या बरोबर पुढ्यात दगड टाकायची सवय. मेंढरू वळलं पाहिजे, पण लागता कामा नये. त्याचा बॉल बॅटवाल्याच्या बरगडीजवळून सूं करून जायचा आणि बॅटवाला जागच्या जागी गार व्हायचा.

त्या एका हिवाळ्यात आम्ही सगळ्यांना हरवलं, आणि हरवून झाल्यावर बडवलंसुद्धा. कन्नडच्या एका गड्यानं पळत येऊन माझ्या छातीत असा खांदा घातला, की दोन बरगड्या गेल्या. मी पडल्या पडल्या त्याच्या पोटरीला चावलो. दौलताबादच्या सामन्यात त्यांच्या माणसाचे दोन दात पडले. गवतात शोधायला बसलो तर तीन सापडले. तिसरा माझा होता. लोक जीप भरभरून बघायला यायचे. कोण जिंकलं हे नंतर, आधी विचारायचे, "आज कुणाचं काय फुटलं?" मला वाटायचं, आपण खेळ रुजवला.

या सगळ्यात आमच्या बॉलवाल्याला हाणामारीत रस नव्हता. त्याला पोलिसात भरती व्हायचं होतं. दोनदा थोडक्यात हुकला होता, आणि ही शेवटची भरती. पुढच्या साली वय उलटणार होतं. जिल्ह्याच्या टीममधून खेळला तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यात जागा. बरेच खेटे घातल्यावर जिल्ह्याच्या टीमसाठी खेळाडू निवडणारे निरीक्षक आमचा एक सामना बघायला तयार झाले. अट एकच, मारामारी दिसली की विषय संपला.

मी सगळ्यांना बेलभंडारा उचलायला लावला. आज कुणी हात उचलायचा नाय. आणि मग, सामना झोकात व्हावा म्हणून, तालुक्याच्या एका पुढाऱ्याला उद्घाटनाला बोलावलं. आपल्याकडं पहिला बॉल पाहुण्यानं मारायचा असतो. पाहुणे गळ्यातल्या हारासकट बॅट धरून उभे राहिले.

बॉलवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, हळूच टाकतो."

"हळू कशाला? निरीक्षक बघायलेत. टाक की जोरात, बाजूनं."

"पाहुणा हालला म्हंजी?"

"कशाला हालतोय? टाक."

पाहुणे तरुणपणी क्रिकेट खेळलेले. बॉल येताना दिसल्याबरोबर त्यांनी झोकात डावा पाय पुढं टाकला, मान वाकवली आणि थेट बॉलच्या वाटेत गेले. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त, हारातल्या झेंडूवर रक्त. पाहुणे माझ्या मांडीवर पडले आणि तोंडातून रक्ताबरोबर एक दाढ बाहेर आली.

"मारा रे त्याला!" त्यांची माणसं धावली. खुर्च्या उडाल्या. समोरची टीम कुठल्या बाजूनं लढायचं हे न ठरवताच आत शिरली. आमचा बॉलवाला मात्र शपथेवर ठाम, हात खाली. कुणीतरी त्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली, तो गुडघ्यावर आला, डोक्यावर दुसरी येणार, तेवढ्यात मी बॅट घेऊन त्याला वाचवायला धावलो. आता मी मारताना डोळे मिटतो. बेसबॉलमध्येसुद्धा मिटायचो. जीव खाऊन फिरवली. बॅट कुठंतरी बसली.

डोळे उघडले तर तो उजवा हात धरून बसलेला. डोकं वाचवायला त्यानं तो वर केला होता. कोपर नसलेल्या ठिकाणी हात वाकला होता.

"पुढाऱ्याच्या माणसांनी हात मोडला!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. सगळ्यात मोठ्यानं मी.

निरीक्षक मोटारसायकलवर कधीच निघून गेले होते. बॅटी पोलिसांनी जप्त केल्या. पाहुण्याच्या जबड्याबद्दल ते गप्प, मोडलेल्या हाताबद्दल आम्ही गप्प, अशी तडजोड झाली आणि टीम संपली.

प्लॅस्टर निघाल्यावर तो कोट्याशिवायच भरतीला उतरला. मी सोबत गेलो, गेटबाहेर थांबलो. धावण्यात तो पुढं होता. मग गोळाफेक. तिन्ही गोळे रेषेच्या अलीकडं पडले. तो बाहेर आला तेव्हा उजवा हात डाव्या हातानं धरलेला होता.

मी म्हणालो, "तुझा हात मी मोडला. ती बॅट माझी होती."

"ठाव हाय मला. डोळे मिटून मारायला लागले व्हते तुमी."

"मग बोलला का नाय?"

"म्हटलं, तुमी सांगताल."

त्यानं उजवा हात उचलला, तो अर्ध्यात अडला, म्हणून डाव्यानं ठेवून दिली. ओठ फुटला. भरतीला आलेली पोरं वळून बघायला लागली. मी दुसरीची वाट बघत उभा राहिलो, पण तो जालन्याच्या एसटीत जाऊन बसला होता. मी मागोमाग चढलो. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यानं आपली पिशवी ठेवली. करमाड येईपर्यंत मी रक्त गिळत उभाच होतो.