न बोथटणारी सुरी

तोकिएला एकसष्टावं लागलं तेव्हा आजिरो बंदरावरच्या इनाबांच्या सुक्या मासळीच्या शेडमध्ये तिच्याइतका हात चालणारं दुसरं कोणी नव्हतं. सकाळच्या पाळीत नऊशे मासे. पोटात सुरी घालायची, कण्याला घासत न्यायची, डोकं दुभंगायचं आणि मासा पुस्तकासारखा उघडून खाऱ्या पाण्यात टाकायचा. तिची सुरी साध्या पोलादाची, सासूकडून आलेली, झिजून बोटाएवढी उरलेली. तिला धार झटकन लागे आणि जाईही तशीच. पाळीत दोनदा उठून दगडावर दहा हात मारले की पुन्हा वस्तरा. बाकीच्या सहाजणींच्या सुऱ्याही तीच लावायची. "तोकिएसान, जरा बघता का?" म्हणत बायका डबा खायच्या वेळी तिच्यापुढे ओळीनं उभ्या राहत, आणि तिला ते आवडायचं.

मग ओसाकाहून मिसाओ आली. चाळिशीची, नवऱ्यापासून वेगळी झालेली, बोलायला मोकळी. तिची सुरी नव्या तऱ्हेच्या कडक पोलादाची होती. पहिल्या दिवशी ती एकदाही उठली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तोकिए मासे चिरत होती, पण मोजत होती मिसाओचं उठणं.

"अगं, धार लावायची नाही का तुला?" आठव्या दिवशी तिनं विचारलंच.

"अजून कापतेय की! दोन आठवडे बघायला नको, असं दुकानदार म्हणाला होता."

"दुकानदार काय, म्हणणारच."

पण सुरी खरंच कापत होती. शेपटीजवळच्या काटेरी खवल्यांवर भल्याभल्या सुऱ्या मान टाकतात. ही त्यावरून लोण्यातून गेल्यासारखी जाई. महिनाभरात त्या सहाजणींतल्या चिझुनं तसलीच सुरी मागवली, मग आणखी दोघींनी. डब्याच्या वेळची ओळ तिघींवर आली. मालक इनाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "मिसाओसान, आज साडेनऊशे! तोकिएसान, आता तुम्हीही बदला ती काडी."

काडी! तोकिए हसली, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. खारवलेल्या प्लमचा आंबट घास तोंडात तसाच फिरत राहिला. घरी जाऊन तिनं सुरी घासली, पुन्हा घासली, केस कापून पाहिला. केस कापला गेला, तरी ती पुन्हा घासायला बसली. मिसाओचं तिला काही नव्हतं. तिला त्या सुरीचा हेवा वाटत होता, आणि सुरीचा हेवा करणाऱ्या स्वतःची लाज.

फेब्रुवारीत वादळानं होड्या अडकल्या तेव्हा इनाबांनी गोठवलेले मासे आणवले. पेट्या उघडल्या तर बहुतेक मासे बर्फातून अर्धेच सुटलेले, कण्याशी बर्फ तसाच. तोकिएनं एक मासा दाबून पाहिला आणि तिच्या लक्षात आलं. कडक पोलाद धार धरतं खरं, पण मार सोसत नाही. बर्फातल्या हाडावर त्याचा तुकडाच उडतो. तिची मऊ सुरी फार तर वाकली असती.

"चालेल ना हो हे?" मिसाओनं विचारलं.

"तुझ्या सुरीला काय धाड भरलीय?" तोकिए म्हणाली.

मिसाओच्या दहाव्या माशाला कट् असा आवाज झाला. धारेला तीन खांडं पडली, एक तर तांदळाच्या दाण्याएवढं. मिसाओ सुरीकडे बघत उभी राहिली. आणि तोकिएला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. अगदी पोटभर बरं वाटलं.

चार दिवस मिसाओ उसन्या सुरीनं काम करत होती. पंधरवड्याला शेडच्या दगडावर ती कशीबशी धार आणत आली होती, पण खांडं पडल्यावर सुरी तिथं नुसती घसरे, झिजेच ना. पाचव्या दिवशी तिनं ती फडक्यात गुंडाळून तोकिएपुढे ठेवली.

"तुम्हीच बघा. मला काही जमत नाही."

तोकिए ओदावाराला जाऊन हिऱ्याची पूड बसवलेली पट्टी घेऊन आली. साध्या सुरीला दहा हात लागतात. हिला तीन दिवस लागले. खांडं गेली तेव्हा तिनं बाजारातून आणलेले चाळीस मासे चिरून पाहिले. हात थांबेना. असली सुरी आपल्याला तिशीत मिळाली असती तर! तिनं ती पुसली आणि घाईघाईनं गुंडाळली.

"मला माहीत होतं," सुरी देताना ती म्हणाली. "बर्फावर ती तुटणार हे."

"ठाऊक आहे मला. तुम्ही पेटीतले पूर्ण बर्फ सुटलेले मासे निवडून घेत होतात. माझ्या लक्षात आलं, पण तोवर तुकडा उडाला होता."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"दुसरं कोण आहे इथं?" मिसाओ म्हणाली. "आणि आता शिकवा मला. दर वेळी तुमच्या पाया पडायला मी येणार नाही."

तोकिएनं शिकवलं. सुरी किती तिरकी धरायची, पाणी किती, हात कुठं हलका करायचा. फक्त शेवटी धारेच्या पलीकडे वळणारी लोखंडाची बारीक लव कशी काढायची, ते तिनं सांगितलं नाही. रोज ती मिसाओकडे पाठ करून ते करायची. मिसाओनं कधी विचारलंही नाही. पण वर्षाच्या आत ती एके दिवशी अगदी तसंच करताना दिसली. तोकिएनं ते पाहिलं, आणि मग तिनं चिझुची सुरी पट्टीवर घेतली, या वेळी पाठ न फिरवता.