पांढऱ्या फडक्यावरचे काळे कण

जगतापसरांची आणि माझी पहिली भेट झाली ती सांगलीला, त्यांच्या प्रयोगशाळेत. घरात खिडकीतल्या उन्हात ठेवलेलं पाणी किती लवकर वाफ होऊन उडतं, त्याचे आकडे घेऊन मी कोरेगावहून आलो होतो. सरांनी वही चाळली आणि विचारलं, "पंखा चालू होता का?" नाही म्हणालो. "खिडकी?" मला रागच आला. हे गृहस्थ आपल्याला खोटारडा समजतात, अशी माझी खात्री पटली.

तरीही पुढे त्यांच्याच हाताखाली मी पीएच.डी.ला लागलो. उसाच्या चिपाडांचा कोळसा करायचा, त्याचा लेप कापडावर द्यायचा आणि ते खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवायचं. काळं कापड उन्हात तापतं, वाफ होते, वरच्या तिरक्या काचेवर निवते आणि थेंब पन्हळीतून बाटलीत येतात. मीठ मागे राहतं. माझ्या पाण्याच्या सगळ्या चाचण्या उत्तम आल्या. तरी सर प्रबंधावर सही करीनात. "जरा जास्तच चांगलं आलंय," एवढंच म्हणत. शोध स्वतःच्या नावावर करायचा त्यांचा डाव असावा, असा मला संशय येऊ लागला. खोटं कशाला सांगू, चहाच्या टपरीवर मी तो बोलूनही दाखवला.

शेवटी सरांनी मला उपकरणासकट कृष्णाकाठच्या भूपालअण्णांच्या शेतावर नेलं. तिथली विहीर इतकी खारी की प्यायचं पाणी रोज गावातून आणावं लागे. घर जैनांचं, गाळल्याशिवाय पाणी कोणी तोंडाला लावत नाही. आमच्या यंत्राचं पहिलं तांब्याभर पाणीही अण्णांच्या पत्नी सुमतीअक्कांनी दुहेरी पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडकं उलटून बघत त्या म्हणाल्या, "आवं सर, ह्यात काजळी हाय की!"

"शक्यच नाही," मी म्हणालो. "चाचणीत स्वच्छ आलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "चाचणीआधी नमुना गाळला होता?"

गाळला होता. चाचणीच्या यंत्राची नळी तुंबू नये म्हणून प्रयोगशाळेत आम्ही सगळेच गाळतो. लेपाची पूड सुटून पन्हळीत उतरत होती आणि आमचा गाळणकागद ती टिपून रोज कचऱ्यात जात होता. मी मान खाली घातली. सही तर गेलीच, आता चारचौघांत शोभाही होणार होती. सर मात्र अण्णांना म्हणाले, "चूक माझी. गाळायची सवय मीच लावलीय."

तो अख्खा उन्हाळा सर माझ्याबरोबर त्या बांधावर बसले, लेप पक्का होईपर्यंत. या चुकीचं पान प्रबंधात घातल्यावरच त्यांनी सही केली, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव माझं ठेवलं. टपरीवरचं माझं बोलणं शेतावर जाण्याआधीच त्यांच्या कानावर गेलं होतं, हे मला फार नंतर कळलं. मला आजही त्याची लाज वाटते.

सरांच्या साठीनिमित्त आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांना पुन्हा त्या शेतावर नेलं. अक्कांचं फडकं पांढरंशुभ्र निघालं. तरी सर पेला उजेडात धरून बघतच राहिले.

"आता प्या की सर," अक्का म्हणाल्या, "किती बगताय!"

सरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. मी स्वच्छ म्हटलेलं पाणी उजेडात धरून बघणारं दुसरं कोणी मला नाही.