कॅमेऱ्यातला कोल्हा

आमचे शेजारी ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या. मला पणतू झाला तरी ते मला मावशी म्हणतात आणि बोलण्याआधी घसा खाकरतात. "सिस्टीम पाहिजे मावशी, सिस्टीम!" खुराड्याची जाळी खालून सुटली होती, ती तशीच ठेवून त्यांनी वर कॅमेरा बसवला.

मीही काही कमी नव्हते म्हणा. नवी नवरी असताना कोल्हा भ्यावा म्हणून मी कुंपणावर नवऱ्याचा सदरा टांगला होता. सकाळी पिसं त्याच सदऱ्याखाली सापडली!

शेजाऱ्यांची अंडी उबवायला मी माझी खुडूक कोंबडी दिली होती. परवा दिवेलागणीला त्यांच्या हॉलमधून "हाड! हाड!" ऐकू आलं. काठी घेऊन धावले, तर हे सोफ्यावर बसून मोबाइलवर ओरडतायत. परसात पोचेपर्यंत पाटीत नुसती अंडी उरली होती.

"बघा मावशी, कोल्हा काय क्लिअर आलाय!"

"आणि माझी कोंबडी?"

"ती कॅमेऱ्याच्या बाहेर गेली."

अंडी अजून कोमट होती. घरच्या दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला ती पदरात घेऊन निघाले, तर मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मावशी, तुमच्याकडे पण बसवू का कॅमेरा?"