दादानं पसंत केलेला रेग्युलेटर

माझे पुढचे दोन दात थोरल्या भावानं पाडले, आणि त्याचा मला अजून राग येतो. त्याआधी रेग्युलेटरही त्यानंच पसंत केला होता, हे तो सोयीस्कर विसरतो.

नव्वदच्या दशकात मी मुंबईला बंदरात नोकरीला होतो. तिथल्या पाणबुड्यांच्या नादानं पाठीला सिलिंडर बांधून पाण्याखाली जायचा शौक लागला. गावाकडच्या, वडीगोद्रीच्या आमच्या विहिरीचा तळ बघायचं खूळ तिथूनच डोक्यात शिरलं. जुन्या बाजारात सिलिंडर मिळालं. राहिला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली दाबाची हवा श्वासापुरती तोंडात आणून देणारं यंत्र. नेमका दादा तेव्हा मुंबईला आल्ता. म्हणाला, "मी येतो बराबर. तुला काय कळतंय त्यातलं?"

आमच्याकडं पंप घ्यायचा तर आधी चालवून बघतात. ज्याची धार लांब पडेल तो घरी येतो. दादानं तोच कायदा इथं लावला. दुकानदारानं दोन जुने रेग्युलेटर जोडून दाखवले. पहिला ओढलं की हवा द्यायचा, थांबलं की गप्प. दुसरा हवा सोडायचं बटण दाबून सोडलं तरी फुसफुसत राह्यचा. दादा म्हणाला, "पहिला बिलकुल कंजूस हाय. हा बघ कसा हवा फेकून राह्यला. हाच घे." मला तोवर दुसऱ्याचं सामान वापरायची सवय, पारख कुठली? आणि दुकानदार तर विकायलाच बसलेला. घेतला.

दिवाळीत सिलिंडर भरून घेऊन गावी गेलो, तर विहीर तुडुंब होती. मी उतरलो. हवा तोंडात अशी घुसायला लागली की गाल फाटायची पाळी. जवळजवळ सगळी फुकट बुडबुड्यांतून वर चालली होती. काठावर दादा शेजाऱ्यांना सांगत होता म्हणे, "बघा, काय जोर हाय!" मी तळाला टेकलो आणि हवा संपली. वर यायला हातपाय झाडले, पण पाठीवर लोखंडी सिलिंडर, त्याची दोरी भिजून आवळलेली. गाठ सुटेना. नाकातोंडात पाणी गेलं.

बुडबुडे थांबले तशी दादानं कमरेला दोर बांधून उडी घेतली. मी त्याची मानगूट धरली, छातीवर पाय दिला, दंडाला कचकन चावलो. बुडणारा माणूस भाऊबिऊ ओळखत नाही. त्यानं माझ्या तोंडावर बुक्क्या घातल्या. दात तिथंच गेले. माझी पकड सुटली तसं त्यानं मला केसाला धरलं आणि वरच्यांनी दोर ओढला.

काठावर पालथं टाकून त्यानं माझ्या पाठीत दणके घातले. मी पाणी ओकलो, श्वास लागला. पण दादा थांबेना. मला उताणं करून थोबाडायला लागला. "मरतो का? मर मंग! मर!" आई मधे पडली, "आरं जित्ता हाय तो, सोड." तिलाही त्यानं ढकलून दिलं. दोघा गड्यांना तो आवरेना. तोंडातून रक्त येत होतं, कान बधिर झाले होते, आणि मला असा संताप आला की आयुष्यात पहिल्यांदा मी थोरल्या भावाच्या कानाखाली सणकन ठेवून दिली.

तो गाल धरून माझ्याकडं बघत राह्यला. मग आईला म्हणाला, "जित्ता हाय गं," आणि तिथंच चिखलात बसून रडायला लागला.