तिला ठाऊक होतं

आरमाराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. बंदरामागच्या इमारतीत, खिडक्यांच्या काचांना रंग फासलेल्या खोलीत बसून दिवसभर याची लाइन त्याला जोडून द्यायची. कानावर पडलं ते तिथंच सोडून यायचं, असं तिनं नोकरीला लागताना सही करून लिहून दिलं होतं आणि ते तिच्या अंगातच भिनलं होतं. बाजारात कुणी सहज विचारलं, "काय हो, आज बंदरात गडबड दिसतेय?" तर म्हणायची, "मी आत असते, मला काय दिसणार!" शेजारीपाजारी तिला कुलूप म्हणायचे.

घरात आई, धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊही आरमारातच, गस्तीच्या जहाजावर खलाशी. पण स्वभावानं उलटा, त्याच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. एकदा फोनवर तो बायकोला सांगायला लागला, "आम्ही उद्या इथून निघून..." तोच हिनं रिसीव्हर हिसकावला. "जेवलास ना? बरं, ठेव आता." भावजय कितीतरी दिवस फुरंगटून होती.

एका दुपारी दोन अधिकाऱ्यांची लाइन जोडून ती बाजूला होणार, तेवढ्यात भावाच्या जहाजाचं नाव कानावर आलं. जहाज पाणसुरुंगावर आदळून बुडालं होतं. कुणीच वाचलं नव्हतं. सोबतची दोन जहाजं अजून त्याच पाण्यात होती. ती परत येईपर्यंत बाहेर अवाक्षर जाता कामा नये, असं पलीकडचा आवाज बजावत होता.

सुपरवायझरबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही कळवलं गेलं होतं.

"तुझा भाऊ त्यावरच होता ना?"

"हो."

"घरी पाठवलं असतं गं तुला. पण भरदुपारी रडत गेलीस तर गल्लीला कळायला कितीसा वेळ? त्या दोन जहाजांवरही कुणाचे तरी भाऊ आहेत." बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. "तोंड धुऊन ये. लाइनी खोळंबल्यात."

ती तोंड धुऊन आली.

संध्याकाळी घरी पोचली तर आई मशीनवर भावाचा शर्ट शिवत होती. "बरी आलीस. उभी राहा बघू, खांद्याचं माप घेऊ दे. तुझा नि त्याचा खांदा एकच."

ती उभी राहिली. आईनं कापड तिच्या पाठीवर ताणलं, टाचण्या लावल्या. "श्वास घे की गं. पुतळा झालीस नुसती!"

भावजय आपल्या खोलीच्या भिंतीला निळा रंग देत होती, त्याला आवडायचा तसा. तिथूनच तिनं विचारलं, "वन्सं, तारीख नको, नुसतं हो की नाही सांगा. महिनाअखेर येतील ना?"

"मला काय माहीत."

"कुलूप ते कुलूपच!" भावजय हसली. "बरं, बादली तरी धरा."

तिनं बादली धरली.

रडायची ती कामावर जाताना, पुलावर, वाऱ्याला तोंड करून. डोळे लाल दिसले तर वाऱ्याचं नाव सांगता यायचं.

दोन्ही जहाजं सुखरूप धक्क्याला लागली. ते कळवणारा फोन तिनंच जोडून दिला. आता घरी कळवतील म्हणून ती वाट बघू लागली. कुणी येईना. तेव्हा तिनं सुपरवायझरबाईंना विचारलं.

"बंदी उठवायला साहेबांची सही लागते," बाई म्हणाल्या. "साहेब दौऱ्यावर आहेत."

साहेब दौऱ्यावरून आले आणि तापानं पडले. इकडं निळ्या खोलीला पडदे लागले.

शेवटी एका सकाळी एक अधिकारी टोपी काखेत धरून दारात आला. त्यानं सांगितलं आणि आई होती तिथंच खाली बसली. माणूस भला होता. काहीतरी बरं बोलावं म्हणून तो हिच्याकडं वळला. "बाई, इतके दिवस तुम्ही सगळं पोटात ठेवलंत. आम्हाला तुमचा अभिमान वाटतो."

"इतके दिवस?" भावजयीचा आवाज चिरकला. "मी रंग देत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं? वन्सं, बादली धरून उभ्या होतात हो तुम्ही!"

तिला त्या दुसऱ्या दोन जहाजांबद्दल सांगायचं होतं. तिनं अधिकाऱ्याकडं पाहिलं. त्यानं हळूच नकारार्थी मान हलवली. तेवढं अजून बोलायचं नव्हतं.

"माझ्यापुढं माप द्यायला उभी राहिलीस," आई म्हणाली. "त्याचं."

भावजय माहेरी गेली ती कायमचीच. आई राहिली, पण बोलणं टाकलं. काही हवं असलं की हाक शेजारच्या नर्सबाईंना. ऑफिसनं मात्र तिला वरिष्ठांच्या गुप्त लाइनीवर बसवलं. तुझ्याइतकं विश्वासाचं कुणी नाही, म्हणाले.

काही वर्षांनी आई गेली. तिला वाटलं, म्हातारपण, आणखी काय. अंथरुणाशेजारी नर्सबाई घुटमळत उभ्या होत्या.

"कॅन्सर होता," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात मीच न्यायची, तुम्ही कामावर गेलात की. तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

"त्रास फार झाला का?"

"झाला."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

नर्सबाईंनी चादर सारखी केली. "म्हणाल्या, कळू दे तिला कसं वाटतं ते."

मग फोनपाशी जाऊन तिनं ऑफिसला रजा मागितली. पलीकडून कारण विचारलं.

"घरगुती," ती म्हणाली.