बंपर सरळ झाला, मान नाही

चारोळीच्या हंगामात मी गडचिरोलीकडच्या गावांतून माल घेते आणि चंद्रपूरला विकते. गाडी जुनी आहे, पण स्वतःच्या कमाईची, आणि चालवतेही मीच. हंगामाला दोन महिने होते तेव्हाची गोष्ट. भरदुपारी जंगलातल्या रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि मागच्या पिकअपने ठोकलं. मान मागे हिसकली, पुढे आली. दुखलं काहीच नाही.

पिकअपचा ड्रायव्हर उतरला तो थेट माझ्या गाडीच्या बंपरकडे गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

“रोही तुमच्यासमोर आली बाई, माह्यावर काऊन ओरडून राह्यल्या?”

“अंतर ठेवाचं तुले रोही सांगल का?”

थांबलेल्या गाड्यांतली माणसं हसली. अर्धा तास भांडून मी त्याच्याकडून बंपर सरळ करून देण्याचं कबूल करून घेतलं आणि सगळ्यांदेखत हात झटकले. “झालं. आता तुह्यं-माह्यं काही नाई.” जिंकल्यासारखी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेल्याचा आवाज आला, आणि मला तिकडे मान वळवता येईना. डोक्याच्या मागून खांद्यापर्यंत कोणी लाकूड ठोकल्यासारखं झालं होतं.

“हलवू नको,” नवरा म्हणाला. “लकवा मारल.”

आमच्या गल्लीतला एक माणूस मोहाच्या झाडावरून पडला होता. त्याचे हात पुन्हा उचलले गेले नाहीत. बायको घास भरवते. रोज जाग आली की डोळे उघडण्याआधी मी माझी दहाही बोटं हलवून बघायची. शेजारणीचा मानेचा जुना पट्टा गळ्यात घातला तो महिनाभर काढला नाही. झोपतानाही नाही. बंपर मात्र ठरल्याप्रमाणे सरळ होऊन आला. तो बघितला की डोकं फिरायचं. गाडीच्या पत्र्यासाठी अर्धा तास भांडले आणि स्वतःच्या मानेचा विषयच काढला नाही! रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की मी कडेला सरकून उभी राहायची.

शेवटी चंद्रपूरला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मानेचा एक्स-रे पाहिला, हात दाबून पाहिले. “हाड शाबूत आहे. हाताला मुंग्या आल्या किंवा जोर गेला तर लगेच या. पण हा पट्टा आता काढा. न हलवून मान आणखी आखडली आहे.”

“म्हणजे मी नाटक करून राह्यली?”

“नाही हो. दुखणं खरंच आहे. भीतीनं ते लांबतंय.”

“किती दिवस लागतील?”

“सांगता येत नाही.”

“आठ दिवसांत करा न.”

त्या हसल्या. “मानेशी घासाघीस चालत नाही, ताई. ठोकलं कसं ते सांगा.”

मी सांगू लागले. ड्रायव्हरपर्यंत आले तेव्हा त्यांनी समोर आरसा धरला. माझे खांदे कानांना टेकायला आले होते. “दिवसातून किती वेळा भांडता त्याच्याशी?” त्यांनी विचारलं. मी आरशात बघत खांदे खाली आणले.

पट्टा काढला तेव्हा डोकं गळून पडेल असं वाटलं. रोज थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. दुखायचं, आणि दुखलं की मला तो झाडावरून पडलेला माणूस दिसायचा.

हंगाम लागला. गेले नसते तर गावांतल्या चारोळी वेचणाऱ्या बायकांनी माल दुसऱ्याला दिला असता, म्हणून गेले. पट्टा शेजारच्या सीटवर ठेवला होता. परतताना गावाच्या टोकाला रस्ता खोदलेला निघाला. गाडी वळवायला जागा नव्हती आणि मागे रस्त्याच्या कडेला नाला होता. रिव्हर्स घ्यायचा तर मागे बघणं भाग होतं. हात पट्ट्याकडे गेला. तेवढ्यात मागे लांबून कोणीतरी हॉर्न दिला आणि माझे खांदे वर चढले. ते मी मुद्दाम खाली सोडले, श्वास सोडला, आणि मान वळवली. खांद्यापर्यंत आली, तिथे कळ निघाली. पण नाल्याची कड दिसली. इंच इंच गाडी मागे घेतली.

रस्त्याला लागल्यावर गाडी थांबवून मी स्टिअरिंगवरची बोटं हलवून पाहिली. दहाही हलत होती.