कोरी पट्टी

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नाकबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. बावीस वर्षं तिचं काम एकच होतं. तिच्या खोलीच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती, पलीकडे मिश्रणघर. खिडकी सरकायची, कागदाची पांढरी पट्टी आत यायची. पट्टीच्या टोकाला नव्या घाण्याच्या सुगंधाचा थेंब. ती डोळे मिटून हुंगायची आणि 'हो' म्हणायची किंवा 'नाही'. 'हो' म्हटलं की अख्खा घाणा पुढे साच्यांकडे जायचा. 'नाही' म्हटलं की पलीकडून एक लांब उसासा ऐकू यायचा आणि सगळं पहिल्यापासून.

उसासा सोडणाऱ्या माणसाला कारखान्यात काढेवाले म्हणत, कारण ते दिवसभर काहीतरी उकळत आणि ढवळत असत. बावीस वर्षांत नाकबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला त्यापेक्षा हात जास्त पाहिला होता. मनगटावर भाजल्याचा चपटा डाग, तर्जनीचं नख कायम पिवळं. रस्त्यात नुसता तो हात दिसला असता तरी तिने ओळखला असता.

तिच्या खोलीत कोणी येत नसे. तसा नियमच होता. पावडर लावलेल्या, अत्तर लावलेल्या, नुकतीच विडी ओढलेल्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे कोणीच नाही. तिच्यासाठीही नियम होते. केसांना साधं तेल, धुण्याला बिनवासाचा साबण, कामाच्या आठवड्यात कांदा-लसूण बंद. लसूण फक्त शनिवारी आणि रविवारी दुपारपर्यंत. सुरुवातीला ती नियम पाळायची. मग नियमांनी हळूहळू तिचं घरच ताब्यात घेतलं. शेजारच्या बायका आधी यायच्या, पण आलेल्या माणसाला "तुम्ही जरा खिडकीपाशी बसता का?" असं किती वेळा म्हणणार? लग्न का झालं नाही, याचं कारण एके काळी तिला तोंडपाठ होतं. आता तेही नीट आठवत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी तिला सर्दी-ताप झाला. चार दिवस रजा. पाचव्या दिवशी ती कामावर गेली, खिडकी सरकली, पट्टी आली. तिने डोळे मिटून हुंगलं, आणि पट्टीवर काहीच नव्हतं. तिने पुन्हा हुंगलं. नाक मोकळं होतं, श्वास सरळ आत जात होता, पण रिकाम्या पोत्यासारखा आत जाऊन पडत होता.

"काय गं? हो की नाही?" पलीकडून काढेवाले म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

उद्या येईल, परवा येईल, असं म्हणता म्हणता ती रोज 'हो' म्हणत गेली. सारखं 'हो' म्हटलं तर संशय यायचा, म्हणून दुसऱ्या आठवड्यात एकदा 'नाही'ही म्हणाली. त्या दिवशी काढेवाल्यांनी उसासा टाकला नाही. जेवणाची सुट्टी न घेता त्यांनी घाणा पुन्हा केला. भिंतीपलीकडे पळी भांड्याला लागल्याचा आवाज ती तासभर ऐकत बसली होती. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

आणि आता काढेवाले निवृत्त होणार होते. शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. त्यांच्या हातचा शेवटचा घाणा गुरुवारीच तिच्या 'हो'वर साच्यांत गेला होता आणि सोमवारी बाहेर पडणार होता. मंगळवारी ते कायमचे लेकीकडे, दुसऱ्या गावाला. शुक्रवारी संध्याकाळी तिने खिडकी स्वतः सरकवली आणि म्हणाली, "रविवारी दुपारी जेवायला या."

पलीकडची पळी थांबली.

"कोण, मी?"

"मग? तिकडे दुसरं कोण उभं आहे?"

"तुझ्या घरी माणसांना प्रवेश आहे?"

"अंघोळ करून या म्हणजे झालं."

तिने मनाशी ठरवलं होतं. आधी जेवू घालायचं, मग सांगायचं. त्या शेवटच्या घाण्याच्या सुगंधाची बाटली तिने घरी आणली होती, तीही त्यांच्यासमोर ठेवायची आणि म्हणायचं, तुम्हीच बघा, मी न हुंगताच पुढे सोडलाय. बोटभर उंचीची ती बाटली फ्रिजच्या दारात होती. कारखान्यात सगळे नमुने थंड कपाटात ठेवतात, त्या सवयीने घरीही फ्रिजच. सकाळ-संध्याकाळ ती बाटली काढायची, बूच उघडून नाकाशी धरायची, परत ठेवायची.

रविवारी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"ताई, आवाज का असा? काय करतेयस?"

"कोंबडी."

"कोंबडी? मशरूमची? ती पांढऱ्या रश्श्याची? अगं, कोण येतंय?"

"कोणी नाही. कामावरचे एक."

"एक म्हणजे कोण? नाव नाही, गाव नाही? मी आल्यावर मला पिठलं, आणि 'कामावरच्या एका'ला कोंबडी! बरं, सर्दी गेली ना?"

"गेली," ती म्हणाली. ते खरंच होतं.

ही एकच परतलेली कोंबडी तिला पाहुण्यांसाठी करता येई. पहिल्या नोकरीच्या वेळी भाड्याच्या खोलीत एक शेगडी होती आणि एक पसरट पॅन. घरमालकिणीने शिकवलं होतं की एका पॅनमध्ये सगळं होतं, फक्त घाई करायची नाही. घरमालकीण गेली, खोली गेली, पॅन राहिला. पण इतकी वर्षं ती हा पदार्थ नाकाने करत आली होती, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. कातडी खरपूस झाली की वास गोड होतो, तेव्हा उलटायचं. मशरूमचा ओल्या मातीचा वास संपून भाजल्या दाण्यांसारखा वास सुटला की लसूण. लसणाचा कच्चेपणा गेला की लगेच क्रीम. घड्याळाकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

आज कान आणि डोळे यांच्यावरच भिस्त होती. मीठ-मिरी चोळलेल्या तंगड्या तिने कातडी खाली करून लोण्यात ठेवल्या आणि वाकून ऐकत राहिली. आधी मोठा चरचराट, ओला. मग आवाज बारीक होत गेला, कोरडा झाला, तेव्हा तिने एक तंगडी उचलून पाहिली. तपकिरी. बरोबर. तिला एवढा आनंद झाला की ती एकटीच हसली. तंगड्या ताटलीत काढून तिने त्याच चरबीत मशरूमचे काप टाकले. ते आधी सगळं लोणी पिऊन बसले, मग त्यांना पाणी सुटलं, मग पाणी आटलं आणि पुन्हा तो कोरडा आवाज आला. लसूण टाकून तिने वीस आकडे मोजले. कपभर पाणी ओतून तळाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवली. शेवटी फ्रिजमधून क्रीमची वाटी काढली. डबा तिने शुक्रवारीच फोडून वाटीत ओतून ठेवला होता, वर बशी, तीही जरा तिरकीच. मोठ्या आचेवर फुटू नये म्हणून गॅस बारीक केला आणि धार सोडली. रस्सा शुभ्र झाला, मग हळूहळू फिकट बदामी. तंगड्या परत आत, झाकण, बारीक आच. चाखून पाहिलं तर मीठ कळलं, मिरीची चुरचुर कळली. बाकी सगळं जिभेवर कापसासारखं.

काढेवाले बरोबर साडेबाराला आले. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. दारात उभे राहिले तर केवढे उंच! खिडकीतून हे कधी कळलंच नव्हतं. बावीस वर्षांत एवढ्या जवळ ते कधी उभेच राहिले नव्हते, मध्ये भिंत नसताना.

"खिडकीपाशी बसू का?" त्यांनी विचारलं.

"इथे टेबलाशी बसा. चेष्टा पुरे."

तिने पॅन तसाच टेबलावर आणला आणि त्यांच्यासमोर झाकण काढलं. वाफ वर आली. अलीकडे ती लोकांचे चेहरे फार बारकाईने पाहायला लागली होती. कोणी नाक मुरडलं का, कोणाचं तोंड सैल झालं का, यावरून वास कसा असेल हे ताडायचं. काढेवाल्यांनी श्वास आत घेतला आणि ते जागच्या जागी थांबले. डोळे किंचित बारीक झाले, मग ओले. इतक्या दिवसांनी कोणी घरचं गरम वाढतंय, म्हणून असेल, असं तिला वाटलं. तेही एकटेच की. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"वाढ," ते म्हणाले.

ते पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून जेवू लागले. हळू, नीट चावून, मधेच पाणी पिऊन. तीही जेवली. लेकीच्या घराविषयी बोलणं झालं. तिथे त्यांना एक खोली मिळणार होती आणि नातू घोरतो म्हणून नातवालाही त्याच खोलीत टाकणार होते. पहिली ताटली संपली. त्यांनी ती पुढे केली.

"अजून घाल."

ती खूश झाली. आता सांगावं, या रश्श्यानंतर. पाव संपला की.

"दालचिनी घातलीस का गं?" त्यांनी ताटलीत बघतच विचारलं. "मंद वास येतोय."

"हो," ती म्हणाली. "थोडीशीच."

तिच्या घरात दालचिनी नव्हती. कधीच नव्हती. तोंडातून शब्द गेला आणि तिच्या लक्षात आलं की हा तोच 'हो' आहे, रोज खिडकीतून पलीकडे जाणारा.

काढेवाल्यांनी चमचा खाली ठेवला.

"दालचिनी नाहीये त्यात," ते म्हणाले. "गुलाब आहे. आणि खाली थोडं चंदन. माझा गुरुवारचा घाणा आहे तो. तू बाटली कुठे ठेवली होतीस?"

"फ्रिजमध्ये."

"आणि क्रीम?"

तिने मान वळवून फ्रिजकडे पाहिलं.

"चरबी वास ओढून घेते, हे मी तुला सांगायचं? अगं, पाकळ्या चरबीवर पसरून वास काढायचे पूर्वी. नव्या पोरींना हे तूच शिकवायचीस."

"मला वास येत नाही," ती म्हणाली. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य, आणि निघालं तेव्हा अगदीच छोटं निघालं. "तीन आठवडे झाले. तुमचे सगळे घाणे मी न हुंगताच सोडलेत. शेवटचासुद्धा."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू त्या दिवशी 'नाही' म्हणालीस ना, तो घाणा बरोबर होता. माझ्या हाताला कळतं. दुसऱ्या दिवशी मी तुला कोरी पट्टी दिली. काही न लावलेली. तू ती तीनदा हुंगलीस, डोळे मिटून, आणि म्हणालीस 'हो'."

तिला ती पट्टी आठवेना. सगळ्या पट्ट्या कोऱ्याच तर होत्या.

"त्यानंतर प्रत्येक घाणा मीच हुंगून सोडला. माल चांगलाच गेलाय. तुझ्याएवढं नाक नाही मला, पण चाललं. शेवटचाही ठीक आहे, उगाच रडू नकोस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." ते जरा चिडलेच. "वाटलं, कधीतरी खिडकी सरकवून म्हणशील, अहो, असं असं झालंय. आठवडाभर वाट पाहिली. भिंतीपलीकडे तुझं चालणं ऐकत होतो."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तिने त्यांच्या ताटलीकडे पाहिलं. पांढरा रस्सा पुसून घेतलेला, मशरूमचा एक काप कडेला.

"मग हे खाल्लंत कशाला? साबण खाल्ल्यासारखं लागलं असेल."

"लागलं की."

"दोनदा वाढून घेतलंत!"

"बावीस वर्षांनी जेवायला बोलावलंस," ते म्हणाले. "नाही म्हणून जाऊ?"

ती हसली, आणि हसता हसता तिला पदर तोंडाला लावावा लागला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. टेबलावर ठेवला, तिच्या हाताजवळ, तो डागाचा हात. खिडकीत ठेवायचे तसाच. आणि बराच वेळ तिथेच राहू दिला.

जाताना दारात म्हणाले, "परवा मी लेकीकडे. उद्यापासून तिकडे नवा माणूस आहे. घाणा करायला शिकलाय, पण त्याला काही कळत नाही अजून. तू 'हो' म्हटलंस तर तो 'हो'च समजेल."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," काढेवाले म्हणाले. खोटा धीर द्यायची सवय त्यांना नव्हती. "पोचलो की फोन करतो." जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला, मग फाटक वाजलं.

उरलेली कोंबडी तिने टाकली नाही. संध्याकाळी थंडच खाल्ली, उभ्याउभ्या, पॅनमधूनच. मग बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती फ्रिजमधून काढून पर्समध्ये ठेवली. पॅन घासला. घरात गुलाबाचा वास असेल की लसणाचा, की दोन्हींचा, ते तिला कळायला मार्ग नव्हता. तिने खिडक्या उघडल्या नाहीत. कोणीतरी येऊन गेल्याचं काहीतरी आत असणार, तिला जाणवत नसलं तरी.

सोमवारी आठ वाजता खिडकी सरकली. नवा हात आत आला. गुबगुबीत, स्वच्छ नखांचा.

"घ्या बाई. पहिलाच आहे माझा. हो की नाही, लवकर सांगा, छातीत धडधडतंय."

तिने पट्टी घेतली नाही. पर्समधली बाटली काढून त्याच्या हाताशेजारी ठेवली.

"हा जुना घाणा. चांगला आहे, तो ज्यांनी केला त्यांनी सांगितलंय. तुमचा मला सांगता येणार नाही. मला वास येत नाही."

पलीकडे तो हसला. "सकाळी सकाळी थट्टा करता होय!"

"थट्टा नाही," ती म्हणाली. "साहेबांना बोलावून आणा. आणि ती खिडकी लावू नका, उघडीच राहू द्या."

तो गेला. खिडकीतून पहिल्यांदाच तिला सगळं मिश्रणघर दिसलं: भांडी, शेगड्या, खुंटीवर काढेवाल्यांचा डागाळलेला जुना एप्रन. कोपऱ्यात काहीतरी उकळत होतं आणि वाफ सरळ तिच्या खोलीत येत होती. ती खुर्ची ओढून खिडकीपाशी बसली आणि साहेबांची वाट पाहू लागली.